बेणारेबाईंचा विनोद

'शांतता! कोर्ट चालू आहे' म्हटलं की सगळ्यांना आठवतं ते लीला बेणारेचं शेवटचं स्वगत. मला मात्र हल्ली पहिल्या अंकातलं तिचं हसणं जास्त आठवतं.

विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९६७ सालचं. रंगायनचा प्रयोग, दिग्दर्शक अरविंद देशपांडे आणि बेणारे म्हणजे सुलभा देशपांडे. १९७१ साली सत्यदेव दुबेंनी त्यावर चित्रपट केला, त्यातही बेणारे त्याच.

मुंबईची हौशी मंडळी एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येतात. बेणारेबाई शिक्षिका, जिभेला धार. पक्षकार नसलेले वकील सुखात्मे, इंटर नापास शास्त्रज्ञ पोंक्षे, काशीकर नवराबायको... कुणालाच सोडत नाहीत! मग वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला सुरू होतो. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा, आणि कलम लावतात ३०२! तेव्हाच्या दंडसंहितेत हे खुनाचं कलम. गर्भपाताचं वेगळं, ३१२. पण खेळात कोण बघतो?

यावर बेणारेबाई हसत म्हणतात, की त्यांना साधं झुरळ मारायचीही भीती वाटते. प्रेक्षकही हसतात. बाई गरोदर आहेत हे तोवर प्रेक्षकांना ठाऊक नसतं. म्हणजे हा विनोद प्रेक्षकांसाठी साधाच, बाईंसाठी मात्र काळा. नाटक दुसऱ्यांदा पाहताना हे कळतं आणि हसू येत नाही.

तो काळही लक्षात घ्यायला हवा. आईचा जीव वाचवण्यापुरती सूट सोडली तर गर्भपात हा तेव्हा गुन्हाच होता. कायदा सैल करावा असं शांतिलाल शाह समितीनं १९६६ साली सुचवलं होतं, पण वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला १९७१ साली आणि लागू झाला १९७२ साली. अविवाहित बाईला मूल ठेवलं तर बदनामी, न ठेवलं तर तुरुंग!

हळूहळू विनोदाची सूत्रं दुसऱ्यांच्या हाती जातात. बाई चिडल्या की सगळे म्हणणार, अहो खेळच आहे हा! त्या खेळात त्यांच्या पर्समधली टिक-२० ची बाटलीसुद्धा पुराव्याला येते. प्राध्यापक दामले, ज्यांच्यापासून हे मूल, ते आलेलेच नाहीत, आणि त्यांना आरोपी करावं असं कुणाच्या मनातही येत नाही. शेवटी न्यायमूर्ती काशीकर निकाल देतात की पोटातला गर्भ नष्ट करण्यात यावा. ज्या गुन्ह्यासाठी खटला भरला, त्याचीच शिक्षा! नाटकातला सगळ्यात काळा विनोद हाच, आणि तो करणाऱ्याला आपण विनोद केलाय याचा पत्ताच नाही.

असो. आपल्याकडे लग्नकार्यात एखाद्या बिनलग्नाच्या मावशीची 'गंमत' चालते आणि तीही सगळ्यांबरोबर हसत असते. ते हसणं कशासाठी असतं, हे या नाटकानंतर मला जरा कळायला लागलंय.