परतूरचे अधिवेशन आणि नेतृत्वाची नवी पिढी

महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली 1937 साली परतूर (आज जालना जिल्हा) येथे भरले. निजामी राज्याची राजभाषा उर्दू होती आणि गश्ती निशाण 53 अन्वये सभेस पूर्वपरवानगी लागे. जुन्या पिढीचे राजकारण अर्ज-विनंत्यांचे होते, ते केवळ भित्रेपणामुळे नव्हे. तिचा श्रोताच मुळी दरबार होता. परिषदेचे व्यासपीठ मराठी भाषकांचे. तेथे श्रोता बदलला, आणि त्याबरोबर भाषणाचे स्वरूपही बदलणे अपरिहार्य होते. शिक्षकी पेशातून आलेले स्वामी रामानंद तीर्थ यांनी 1938 च्या ऑक्टोबरात स्टेट काँग्रेसवरील बंदीविरुद्ध सत्याग्रह केला. तथापि पिढ्यांची ही सीमारेषा वयाची मानता येत नाही: त्याच सत्याग्रहाच्या पहिल्या तुकडीत नानलही होते.