अठ्ठावन्नच्या वाटेवरच्या पाट्या

नागपूरकडून येणाऱ्याला नागभीड लागलं की झाडीपट्टीचा मुलूख सुरू झाला, असं आम्ही मानतो. इथून सिंदेवाही, राजोली करत मूलला पोचलं, की १८५८ सालच्या एका मोहिमेची वाट हाती लागते. बाबूराव शेडमाके यांनी इंग्रजी अंमलाविरुद्ध उभारलेल्या लढ्याची ही वाट. मी नागभीडचा. या वाटेनं बरेचदा फिरलो आहे आणि दर वेळी एकच प्रश्न पडतो. इथं पाट्या लावायच्या झाल्या, तर त्यांवर काय लिहावं?

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १८५३च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारनं नागपूरचं राज्य खालसा केलं. त्यासोबत चांदाही गेलं. पिढ्यान् पिढ्या जंगलातल्या गावांचा कारभार पाहणारे गोंड जमीनदार एकाएकी नव्या साहेबाच्या मर्जीवर आले. अहेरीच्या मुलखातल्या मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव हे त्यांतलेच एक. १८५८च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगणा ताब्यात घेतला. पुढं अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. फौजेत गोंड होते, तसे रोहिलेही होते.

चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानं फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला गाठ पडली आणि सरकारी फौजेला हार खावी लागली. मग बाबूरावांनी गडीसुर्ल्याची टेकडी धरली. वेढा पडला तेव्हा वरून दगड लोटून त्यांच्या माणसांनी फौजेला रोखलं. एप्रिलमध्ये सगनापूर आणि बामनपेठला चकमकी झाल्या. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडीजवळ तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. सत्तावनच्या धामधुमीत तार म्हणजे सरकारचे कान होते. त्या कानांवरच घाव बसल्यानं चांद्याच्या कचेरीला हे प्रकरण आणखी जड झालं.

इथवरची पाटी लिहायला सोपी. पुढची अवघड आहे. क्रिक्टननं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्याकडे मदत मागितली आणि त्यांनी ती दिली. जुलैमध्ये त्यांच्या माणसांनी भोपालपट्टणमला बाबूरावांना पकडलं. ते निसटले. सप्टेंबरात पुन्हा सापडले. २१ ऑक्टोबर १८५८ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. व्यंकटराव बस्तरला गेले, तेही १८६०मध्ये धरले गेले. त्यांची जप्त झालेली अडपल्ली आणि घोटची ६७ गावं बक्षीस म्हणून अहेरीकडे आली.

म्हणजे या लढाईत इंग्रज एका बाजूला आणि आपण सारे दुसऱ्या बाजूला, असं सरळ चित्र नव्हतं. एकाच मुलखातली, एकाच भाषेतली, शेजारच्या जमीनदारीतली माणसं समोरासमोर आली. साहेबाला हे जमलं ते कशानं? जमीनदारी ठेवणं आणि काढून घेणं दोन्ही त्याच्याच हातात होतं, म्हणून. लक्ष्मीबाईंना आज दूषण देणं सोपं आहे. पण त्या हाताचा धाक आणि ते आमिष पाटीवर आल्याशिवाय घडलं ते कळायचं नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धात १८६४ साली जनरल शर्मननं अटलांटापासून सवानापर्यंत कूच केलं. जॉर्जिया राज्यात त्या वाटेवर रस्त्याकडेला इतिहासाचे फलक उभे आहेत. जिथं घरचेच घरच्यांशी लढले, तिथं शब्द तोलून लिहावे लागतात. आपल्याकडेही ती पाळी आहे.

चंद्रपूरच्या तुरुंगातल्या पिंपळापाशी दर वर्षी २१ ऑक्टोबरला लोक नमन करायला जमतात. २००९ साली बाबूरावांचं टपाल तिकीट निघालं. हे योग्यच झालं. पण फाशीची जागा माणूस कसा गेला एवढंच सांगते. तो कसा लढला हे नांदगाव-घोसरी सांगेल, गडीसुर्ला सांगेल. त्यात १९८२ साली जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला आणि ही वाट दोन जिल्ह्यांत वाटली गेली. मूलकडचा भाग एकीकडे, वैनगंगेपलीकडचा दुसरीकडे. पाट्या लावायच्या, तर दोन्ही काठांनी मिळून लावायला हव्यात.

मला विचाराल, तर प्रत्येक पाटी मराठीत आणि गोंडीत असावी, अहेरीकडं तेलुगूतही. मजकूर चार ओळींचाच. तारीख, जागा, कोण कुणाशी लढलं, पुढं काय झालं. चिंचगुंडीच्या पाटीवर गार्टलँड आणि हॉल यांचीही नावं असावीत. अहेरीच्या पाटीवर ६७ गावांचा आकडा असावा. गावातल्या शाळेतली पोरं ती वाचतील आणि गुरुजींना विचारतील, ‘सर, आपली माणसं आपल्याच माणसांना का धरत होती?’ गुरुजींनी त्याचं उत्तर टाळू नये.