फॉस्फरस शोधायचा तर राख वाचा

माझा विषय सांगितला की पहिला प्रश्न ठरलेला: "कोकणातल्या फॉस्फरसचा इतिहास? त्याची कागदपत्रं कुठे मिळणार?" सुरुवातीला मीही जुन्या अहवालांत 'फॉस्फरस' हाच शब्द शोधत बसले होते. हाती लागली ती राख.

रत्नागिरीत भाताच्या पेरणीआधी तरव्याची जागा भाजतात. शेण, फांद्या, पालापाचोळा पसरून जाळायचा आणि त्या राखेत रोपं वाढवायची. ठाणे-कुलाब्यात यालाच राब म्हणतात. जळताना नायट्रोजन बराचसा हवेत जातो, फॉस्फरस मात्र बहुतांशी राखेत उरतो. इथल्या जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. ती फॉस्फरस धरून ठेवते, पिकाला सहजी देत नाही. वर पावसाचा मारा. म्हणजे डोंगरभर विखुरलेला फॉस्फरस वेचून एका वाफ्यात आणायची ही रीत होती.

१८७८च्या वन कायद्यानंतर फांद्या तोडण्यावर निर्बंध आले. ठाणे-कुलाब्यातल्या तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. पुढे १८८९मध्ये रसायनतज्ज्ञ व्होल्कर भारतात आले. त्यांच्या १८९३च्या अहवालात राबाची चर्चा आहे, तशीच परदेशी जाणाऱ्या हाडांचीही. हाडं म्हणजे फॉस्फरसच! हे दोन मुद्दे शेजारी ठेवून बघा: शेतकऱ्याच्या फांदीवर पहारा, आणि हाडं मात्र बोटीत.

आज उलटं झालंय. डीएपीसाठी लागणारा बहुतेक फॉस्फेट खडक किंवा आम्ल आपण बाहेरून आणतो. कोकणातला आंबा मुंबईला जातो, त्यातला फॉस्फरस सांडपाण्यातून समुद्राला मिळतो. बागेत परत येत नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातपद्धतीत मला म्हणूनच जुना धागा दिसतो. पिकाचे अवशेष आणि गिरिपुष्पाचा पाला शेतातच परत, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या थेट रोपांमध्ये खोचायच्या, म्हणजे खत वाहून जात नाही.

संशोधनाला लागणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: आपली आजची संज्ञा जुन्या कागदांत असेलच असं नाही. ती वस्तू तेव्हा कोणत्या नावानं घरात, शेतात, बोटीत होती ते आधी विचारा. मग त्याच अहवालांची पानं वेगळं बोलू लागतात.