कराची-मुंबई: हवाई अंतर आणि लागणारा वेळ



शाळेंत भूगोल शिकवितांना मी मुलांना पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून दोन शहरांमधील सरळ अंतर मोजावयास लावीत असें. त्यांत माझी आवडती जोडी कराची आणि मुंबई. दोरा कच्छ व काठेवाड ओलांडी, खंबायतच्या आखाताच्या मुखावरून समुद्रावर येई आणि मुंबईस टेके. हें अंतर सुमारें ८७५ किलोमीटर, म्हणजे साडेपांचशें मैलांहून किंचित् कमीच.

परंतु विमान नेहमीं दोऱ्यावरून जात नाहीं. १९२९ पासून लंडनचें टपाल इंपीरियल एअरवेजच्या विमानानें कराचीस येऊं लागलें; पुढें मुंबईकडे यावयाचें तर आगगाडीचा सिंध-मारवाडांतील वळसा. हवेंत वांचविलेला वेळ रुळांवर खर्च होई! तेथून मुंबई व मद्रासपर्यंत टपाल विमानानें न्यावें, ही योजना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. टाटांनीं ती उचलून धरली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं ६ वाजून ३५ मिनिटांनीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीच्या द्रिघ रोड तळावरून ‘पस मॉथ’ जातीचें विमान उडविलें. वय अठ्ठावीस. विमान एका इंजिनाचें, बिनतारी यंत्र नाहीं, वेग ताशीं सुमारें शंभर मैल. इंधनासाठीं वाटेंत अहमदाबादेस उतरणें भाग होतें, म्हणून मार्ग हजार किलोमीटरांच्याही वर गेला. तेथें विमानाचें तेल आलें तें बैलगाडींतून! दुपारीं १ वाजून ५० मिनिटांनीं विमान जुहूस उतरलें. एकूण सव्वासात तास. पुढें व्हिन्सेंट यांनीं टपाल बल्लारीवरून मद्रासेस नेलें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत चिखलांत बुडे, तेव्हां या सेवेचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे, हेंही पुणेकरांनीं लक्षांत ठेवावें.

जेट विमानें आल्यावर हाच प्रवास दीड तासाच्या आसपास आला. येथें मुलें हमखास चुकत. पाकिस्तानचें घड्याळ आपल्यामागें अर्धा तास. त्यामुळें वेळापत्रकांत मुंबईस येतांना दोन तास दिसत आणि कराचीस जातांना एकच. विमान परततांना दुप्पट वेगानें धांवतें, असा निष्कर्ष एका हुशार विद्यार्थ्यानें काढला होता.

१९८२ च्या ऑक्टोबरांत त्या पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षें झालीं. त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नीं ‘लेपर्ड मॉथ’ हें जुनें छोटें विमान स्वतः चालवीत कराचीहून मुंबई गांठली. मधल्या काळांत एका देशाचे दोन झाले होते, तीन युद्धें होऊन गेलीं होतीं. तरी ती वाट त्या दिवशीं मोकळी होती.

आज ती मोकळी नाहीं. गेलीं कित्येक वर्षें या दोन शहरांमध्यें थेट विमान नाहीं, आणि एप्रिल १९२५ नव्हे, २०२५ मध्यें दोन्ही देशांनीं एकमेकांच्या विमानांस आपलें आकाशही बंद केलें. कराचींत कोणाचे आप्त असतील, तर त्यांस बहुधा दुबईवरून यावें लागतें. प्रथम पश्चिमेस सुमारें १,२०० किलोमीटर, मग उलट फिरून १,९०० हून अधिक. म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पट. उड्डाणाचेच पांचएक तास होतात. दुबईस सव्वादोन तासांहून अधिक थांबावें लागलें, कीं १९३२ सालचें तें एका इंजिनाचें विमान मुंबईस आधीं पोंचतें.