युरियाच्या गोणीमागची बाटली

युरियाची गोणी विकली गेली की मागे दोन कागद उरतात. एक पॉस मशीनमधून निघालेली पावती. तिच्यावर शेतकऱ्याच्या अंगठ्याने पटलेली ओळख, खताचं नाव, गोण्या आणि रक्कम असते. दुसरा कागद दुकानाच्या बिलाचा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाचं पाचवं कलम सांगतं की विक्रेत्याने 'एम' नमुन्यातलं बिल दिलंच पाहिजे. मराठवाड्यात ज्याला सगळे 'लिंकिंग' म्हणतात, त्याचा माग या दोन कागदांवर काढायला गेलं तर हाती काही लागत नाही. पावतीवर युरिया आहे. बिलावर युरिया आहे आणि त्याखाली अर्ध्या लिटरची एक बाटली आहे. दोन्हींची किंमत बरोबर, बेरीज बरोबर. कागद पाहून कोणीही म्हणेल की गिऱ्हाईक आलं, त्याने दोन वस्तू मागितल्या, पैसे दिले आणि गेलं.

जालना जिल्ह्यात जुलैत हा व्यवहार कसा होतो हे अंबड, घनसावंगी, भोकरदनकडच्या कोणत्याही कापूसवाल्याला विचारावं. पाऊस झालेला असतो, जमिनीत ओल असते, कोळपणी उरकलेली असते आणि कपाशीला, मक्याला युरियाचा हप्ता त्याच चार दिवसांत द्यायचा असतो. दुकानदार म्हणतो, "युरिया आहे, पण सोबत हे घ्यावं लागंल." 'हे' म्हणजे कधी नॅनो खताची बाटली, कधी ह्युमिकचा डबा, कधी झिंकची पिशवी. नको म्हटलं तर युरिया संपलेला असतो. पुढच्या दुकानात जायचं तर दुसऱ्या गावी जावं लागतं, आणि तिथेही हेच ऐकायला मिळेल याची खात्री असते. शेतकरी बाटली घेतो. त्या क्षणाची नोंद कुठेच होत नाही.

तेव्हा या गोष्टीचा इतिहास लिहायचा तर बिलापाशी थांबून चालत नाही. इतर कागद शेजारी ठेवावे लागतात. पहिला कागद किमतीचा. युरियाचा कमाल विक्री दर २०१२ पासून टनाला ५,३६० रुपये आहे. २०१८ मध्ये ५० किलोची गोणी जाऊन ४५ किलोची आली. तिची मूळ किंमत २४२ रुपये, निंबोळी लेप आणि कर धरून २६६ रुपये ५० पैसे. मधल्या काळात मजुरी, डिझेल, बियाणं सगळं वाढलं. ही किंमत जागची हलली नाही. उरलेला खर्च केंद्र सरकार अनुदानातून भरतं, आणि शेतकऱ्यासाठी ते योग्यच आहे.

दुसरा कागद विक्रेत्याच्या नफ्याचा. युरियावर विक्रेत्याचा वाटा २०१८ पासून टनाला ३५४ रुपये ठरलेला आहे. गोणीवर आणलं तर साधारण १६ रुपये होतात. गुदामाचं भाडं, हमाली, गुंतवलेल्या पैशाचं व्याज, मशीनवर प्रत्येकाचा अंगठा घेण्यात जाणारा वेळ, हे सगळं त्या १६ रुपयांत बसवायचं. बाटलीवरचा नफा मात्र कोणत्याही सरकारी कागदाने बांधलेला नाही. हे दोन आकडे समोर आले की दुकानातलं ते वाक्य कुठून येतं ते कळतं. छोटे विक्रेते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की ही सक्ती त्यांच्यापासून सुरू होत नाही. वरून युरियाच्या गाडीबरोबर दुसरा माल उतरवून घ्यावा लागतो. मला हे म्हणणं खरं वाटतं, आणि तरीही ते पुरेसं वाटत नाही. साखळीत प्रत्येकाला पुढचा कोणीतरी सापडतो. ज्याच्यापुढे कोणी नाही, तो शेतकरी.

आता कायद्याचे कागद. १९६९ च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारप्रथा कायद्याच्या ३३ व्या कलमात, एक माल घेण्यासाठी दुसरा माल घेण्याची अट घालणारे करार नोंदणीखाली आणले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(४१) मध्ये हीच प्रथा निर्बंधक ठरवली आहे: एक वस्तू मिळण्यासाठी दुसरी आधी घ्यायला लावणं. शेतकरी हा 'ग्राहक' आहे का, असा फाटा मध्ये फुटला होता. बियाणं शेतीच्या धंद्यासाठी घेतलं, म्हणून ग्राहक न्यायालयात दाद मागता येत नाही, असं कंपन्यांचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या निकालात ते फेटाळलं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जिथे महिको ही बियाणं कंपनी उभी केली आणि पुढे जिथे बियाणं उद्योगाची पेठ वसली, त्या जालन्यात हा निकाल खरं तर प्रत्येक दुकानाच्या भिंतीवर असायला हवा.

म्हणजे बंदीचा कायदा जुना आहे आणि स्पष्टही आहे. अडचण पुराव्याची आहे. ती नीट समजून घ्यायची तर याच ग्राहक कायद्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलं एक प्रकरण पाहायला हवं. त्याचे कागद जास्त शाबूत राहिले आहेत.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. परिशिष्टात तेरा प्रकार आहेत. त्यात ग्राहकाच्या संमतीशिवाय टोपलीत जास्तीची वस्तू सरकवणं आहे, आणि नको ती कृती करायला भाग पाडणंही आहे. हे प्रकार जगाने आधी फुकट सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरमध्ये पाहिले होते. व्हिडिओ प्लेअर किंवा फोटोचं सॉफ्टवेअर उतरवायचं, 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत जायचं आणि शेवटी ब्राउझरवर कोणी न मागितलेला टूलबार, बदललेलं होमपेज, उसळत्या जाहिराती. ज्या चौकटीतली खूण काढायची राहून गेली, ती आधीच केलेली होती.

इथेही निर्मात्याचा बचाव तोच होता: वापरणाऱ्याने संमती दिली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००६ मध्ये झँगो कंपनीशी ३० लाख डॉलरची तडजोड केली, तेव्हा हा बचाव तपासला गेला. कमिशनच्या तक्रारीनुसार या कंपनीच्या सॉफ्टवेअरने ६.९ अब्ज जाहिराती उसळवल्या होत्या. लांबलचक करारपत्राच्या पोटात लिहिलेली ओळ म्हणजे संमती नव्हे, ही त्या आदेशाची भूमिका. यापुढे स्पष्ट सांगून, विचारून परवानगी घ्या आणि काढून टाकायचा सोपा मार्ग ठेवा, असं त्यात बजावलं.

पण रीत थांबली नाही. डिसेंबर २०११ मध्ये एनमॅप या सुरक्षा साधनाचे कर्ते गॉर्डन लायन यांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं की डाउनलोड डॉट कॉम त्यांच्या सॉफ्टवेअरला आपलं वेष्टण घालून त्यात टूलबार घुसवत आहे. सोर्सफोर्ज ही तर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची हक्काची जागा. तिनेच २०१३ मध्ये इन्स्टॉलरमध्ये जाहिरातींचा माल भरून उत्पन्न वाटून घ्यायची योजना आणली. गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या विंडोज आवृत्तीची मंडळी त्याच वर्षी तिथून निघून गेली. २०१५ मध्ये त्यांचं सोडलेलं पान सोर्सफोर्जने स्वतःकडे घेऊन जाहिरातीसकट इन्स्टॉलर पुढे चालवल्याचं उघड झालं, तेव्हा मोठा गदारोळ झाला. २०१६ मध्ये नव्या मालकांनी योजना बंद केली. व्हीएलसी प्लेअरच्या मंडळींना असे देकार वारंवार आले, मोठ्या रकमांचे आले, त्यांनी ते नाकारले. याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

या सगळ्यात माझ्या विषयाला सगळ्यात उपयोगी पडतं ते २०१६ चं एक संशोधन. गूगलच्या संशोधकांनी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांसह हा बाजार आतून मोजला. जाहिरातदार एका यशस्वी इन्स्टॉलमागे १० सेंटपासून दीड डॉलरपर्यंत मोजत होते. हा आकडा कळल्यावर चौकटीतली ती आधीच केलेली खूण निरागस राहत नाही. इन्स्टॉलर फुकट, त्यात सुटणारा पैसा नाही, म्हणून कमाई पाठीमागून चढलेल्या मालावर. गोणीचे १६ रुपये आणि बांधणी नसलेली बाटली यांचं नातं हेच आहे. दोन्हीकडे सक्ती संमतीच्या कागदात दिसत नाही; ती वाट्याच्या हिशेबात दिसते.

बाटलीबद्दलही थोडं सांगायला हवं. इफ्कोने ३१ मे २०२१ रोजी नॅनो युरिया आणला तेव्हा ५०० मिलीची किंमत २४० रुपये होती, म्हणजे गोणीच्या मूळ दराच्या जवळपास. त्या पहिल्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २० किलोंहून जास्त. पानावरची फवारणी आणि जमिनीतलं खत यांची तुलना नुसत्या वजनाने होत नाही, असं उत्पादक म्हणतात. काही शास्त्रज्ञांनी त्यांचे दावे खोडूनही काढले आहेत. हा वाद शेतावरच्या प्रयोगांनी सुटेल. ज्याला बाटली चांगली वाटते त्याने ती आनंदाने न्यावी. पण चांगल्या मालालाही दुसऱ्याच्या पाठीवर बसून विकण्याचा हक्क मिळत नाही, आणि अशा विक्रीने त्या मालाची खरी परीक्षाही होत नाही. शेल्फवर पडलेल्या, न फोडलेल्या बाटल्यांचा खप आकडेवारीत मात्र खपच दिसतो.

१३ जुलै २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांचं सर्व मुख्यमंत्र्यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध झालं. नकली खतांविरुद्ध कारवाईबरोबरच, अनुदानित खतांसोबत नॅनो खतं किंवा जैव उत्तेजकं बळजबरीने देणं ताबडतोब थांबवा, असं त्यात म्हटलं होतं. केंद्राने राज्यांना असं लिहावं लागलं, यातच ही प्रथा आहे याची कबुली आहे. जे बिलावर कधीच उमटलं नाही, ते या पत्रात उमटलं.

पुढचं काम तपासणीच्या पद्धतीचं आहे. भरारी पथक दुकानात जातं तेव्हा साठा मोजतं, दरफलक पाहतं, परवाना पाहतं. त्याने आणखी एक गोष्ट करावी. घाऊक व्यापाऱ्याकडून आलेल्या युरियाच्या बिलाची तारीख आणि त्याच पुरवठादाराच्या बाटल्यांच्या बिलाची तारीख शेजारी ठेवावी. मग दुकानातल्या त्या आठवड्याच्या बिलांत बाटलीशिवाय गेलेल्या युरियाच्या गोण्या किती, ते मोजावं. पॉसचा आकडा सरकारकडे आहे, बिलबुक दुकानात आहे, गाडीची बिलटी पुरवठादाराकडे आहे. तिन्ही कागद आजही शाबूत आहेत. ते एका टेबलावर आणायला तालुका कृषी अधिकाऱ्याचा एक दिवस पुरेल, आणि तो दिवस पेरणीच्या हंगामातच यायला हवा, कारण दिवाळीनंतर तपासलं तर कपाशीचा युरियाचा हप्ता केव्हाच हुकलेला असतो.