वेणीचे तीन पेड

इंग्रजीत वेणी घालणे, गुंफणे या अर्थाचे 'प्लॅट' असे एक जुने क्रियापद आहे. आज हे रूप लिहिण्यात जवळजवळ नाही. इ. स. १६११ मध्ये राजा जेम्सच्या आज्ञेवरून सिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र ते भेटते. हजरत ईसा यांच्यासाठी सैनिकांनी काट्यांचा मुकुट गुंफला, असे ख्रिस्ती कथन आहे. तेथे गुंफण्याला हाच शब्द योजला आहे. याच बायबलच्या १९८२ च्या सुधारित आवृत्तीत तो जाऊन 'ट्विस्ट' आला.

हा शब्द इंग्लंडमध्ये परका होता. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. 'प्लॅट' त्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिन 'प्लिकारे', म्हणजे घडी घालणे. 'रिप्लाय', 'ॲप्लिकेशन', 'कॉम्प्लिकेटेड' ही सारी त्याच घराण्यातली.

इंग्रजांच्या घरचा शब्द वेगळा होता. जुन्या इंग्रजीतील 'ब्रेग्डन' म्हणजे झटक्याने हलवणे, तलवार उपसणे आणि विणणेसुद्धा! वेणीसाठी आज रूढ असलेला 'ब्रेड' हा शब्द त्याच्यापासून झाला.

तिसरा पेड अरबीचा. दोऱ्यांच्या गाठी मारून केलेल्या विणकामाला 'मॅक्रमे' म्हणतात. अरबी 'मिक्रमा' म्हणजे नक्षीदार आच्छादन. तुर्की आणि पुढे युरोपीय भाषांतून फिरत हा शब्द एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत पोहोचला.

त्याच शतकात डॉर्सेटचे कवी आणि शिक्षक विल्यम बार्न्स यांना ही सरमिसळ खटकली. लॅटिन-फ्रेंच शब्द काढून जुने सॅक्सन शब्द आणावेत, असा त्यांचा आग्रह होता. १८७८ मध्ये त्यांनी या विचाराने व्याकरणाचे पुस्तकही लिहिले. 'फोटोग्राफ'ऐवजी त्यांनी 'सन-प्रिंट' सुचवला. विद्वत्ता मोठी, हेतू प्रामाणिक. पण लोकांनी 'फोटोग्राफ'च ठेवला.

आपल्याकडेही 'तुमची मराठी शुद्ध नाही' असे मुसलमानाला सहज ऐकवले जाते. ऐकवणारा स्वतः कचेरीत जातो, कागद घेतो, अर्ज लिहितो, वकील गाठतो. यातले अर्ज आणि वकील अरबी, कागद फारसीतून आलेला. हे शब्द काढायचे ठरवले, तर त्याला तक्रारसुद्धा करता येणार नाही; कारण 'तक्रार'ही अरबीच आहे.