सुटलेलें द्रव्य जातें कोठें?

मज्जातंतूच्या टोंकापाशीं संदेश पोहोंचला म्हणजे तेथून एक रासायनिक द्रव्य बाहेर पडतें, लगतची अरुंद फट ओलांडतें व पलीकडच्या पेशीस जागें करितें, ही गोष्ट आतां शाळेच्या पुस्तकांत आली आहे. परंतु जागें करून झाल्यावर त्या द्रव्याचें काय होतें? तें फटींतच राहिलें तर एकदां वाजविलेली घंटा थांबावयाचीच नाहीं. दुसरा संदेश पहिल्याच्या गोंगाटांत बुडून जाईल. या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा उलगडा होण्यास सुमारें चाळीस वर्षें लागलीं. त्याचें कारण असें कीं, एका बाबतींत मिळालेलें खरें उत्तर शास्त्रज्ञांनीं सर्वच बाबतींत खरें मानिलें.

1921 सालीं ग्राझ येथें ऑटो लोवी यांनीं बेडकाच्या हृदयाचा वेग मंद करणारा मज्जातंतु उत्तेजित केला, त्या हृदयांतील द्रव दुसऱ्या हृदयास दिला, आणि तेंहि मंदावलें. तंतूच्या टोंकापाशीं निरोप पोंचविणारें कांहीं रसायन आहे, हें त्यावरून ठरलें. पुढें त्या रसायनाची ॲसिटिलकोलीन ही ओळख पटली, आणि 1936 चें नोबेल पारितोषिक लोवी व हेन्री डेल यांस विभागून मिळालें. हें द्रव्य फोडून टाकणारें विकर, म्हणजे एन्झाइम, त्या संधिस्थानींच असतें व क्षणाच्या अल्पांशांत आपलें काम उरकतें, हेंहि कळून आलें. उत्तर मोठें सुबक होतें. म्हणून 1946 सालीं उल्फ फॉन ऑयलर यांनीं नॉरॲड्रेनलीन हें दुसरें संदेशवाहक द्रव्य दाखवून दिलें, तेव्हां त्याचाहि कोणी मारेकरी जवळपास असलाच पाहिजे, असें बहुतेकांनीं गृहीत धरिलें.

हा मारेकरी शोधावयास निघालेल्यांत ज्यूलियस ॲक्सेलरॉड हे होते. थोरांच्या बाळपणींच्या प्रतिभेच्या कथा सांगण्याची आपणांस मोठी हौस असते. येथें तशी कथा नाहीं. न्यूयॉर्कमध्यें 1912 सालीं एका टोपल्या विणणाऱ्या ज्यू निर्वासिताच्या घरीं त्यांचा जन्म झाला. वैद्यक शिकण्याची इच्छा होती, पण एकाहि वैद्यक महाविद्यालयानें प्रवेश दिला नाहीं. मग खाद्यपदार्थांतील जीवनसत्त्वें मोजण्याची नोकरी त्यांनीं कित्येक वर्षें केली. अमोनियाची बाटली फुटून एक डोळा गेला तोहि प्रयोगशाळेंतच. डॉक्टरेट मिळाली ती 1955 सालीं, वयाच्या त्रेचाळिशीच्या सुमारास. या दीर्घ उमेदवारींत एक गोष्ट मात्र त्यांच्या हाडींमांसीं खिळली: शरीरांत गेलेल्या द्रव्याचा शेवटपर्यंत पाठलाग कसा करावा.

1957 सालीं त्यांना नॉरॲड्रेनलीनचें रूपांतर करणारें एक नवें विकर सांपडलें. आधीं ठाऊक असलेलें एक होतेंच. आतां दोन्हीं विकरें बंद पाडलीं म्हणजे नॉरॲड्रेनलीनचा परिणाम लांबत जावयास हवा होता. तो विशेष लांबला नाहीं. मारेकऱ्यांस कोंडून ठेविलें तरी द्रव्य नाहींसें होतच होतें! येथें एखादा मनुष्य तिसऱ्या विकराच्या शोधास लागला असता.

सुदैवानें याच सुमारास सिमोर केटी यांनीं मनोविकारांच्या संशोधनासाठीं ट्रिटियमयुक्त, म्हणजे किरणोत्सर्गी खूण असलेलीं, हीं द्रव्यें तयार करवून घेतलीं होतीं. त्यांपैकीं नॉरॲड्रेनलीन प्राण्यास टोंचून पाहतां असें दिसलें कीं, रक्तांतून तें गेल्यावरहि हृदय, प्लीहा इत्यादि अवयवांत तें जसेंच्या तसें शिल्लक राहतें. आणि हे सर्व अवयव सिंपथेटिक मज्जातंतूंनीं भरलेले असतात. मग व्हिएन्नाहून आलेले गेऑर्ग हर्टिंग व ॲक्सेलरॉड यांनीं मांजराच्या मानेंतील मज्जागंड एकाच बाजूचा काढून टाकिला. त्या बाजूचे तंतु झडून जाण्यास आठवडाभर अवकाश दिला, आणि मग खुणेचें द्रव्य टोंचलें. तंतु असलेल्या बाजूनें तें शोषून घेतलें. तंतु नसलेल्या बाजूनें फारच थोडें. दुसऱ्या प्रयोगांत प्लीहेचे तंतु उत्तेजित करतांच सांठविलेलें द्रव्य पुन्हा बाहेर पडलें. 1961 सालीं हें प्रसिद्ध झालें. द्रव्याचा वध होत नव्हता. ज्या तंतूनें तें सोडलें तोच तें परत घेऊन पुन्हा वापरीत होता. या कामाचें श्रेय बहुधा एकट्या ॲक्सेलरॉड यांस दिलें जातें, तें मला अपुरें वाटतें. हर्टिंग व व्हिटबी यांचीं नांवें त्या निबंधांवर आहेत, तीं आठवणींतहि असावींत.

मग औषधांचा अर्थ लागूं लागला. कोकेन हें परत घेण्याचें दार अडवितें, असें याच मंडळींनीं दाखविलें. स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील रोलांट कून यांना 1956 सालीं इमिप्रामीन या औषधानें विषण्ण रुग्ण सुधारतांना दिसले होते. तें कां, हें त्यांना सांगतां येत नव्हतें. तेंहि याच दाराशीं अडतें. आपल्याकडील सर्पगंधेची कथा याच घरांतील दुसऱ्या दाराची आहे. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबावरील तिच्या गुणाचा अनुभव 1949 सालीं ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडला, आणि 1952 सालीं तिच्यांतून रिसर्पीन वेगळें काढण्यांत आलें. परत आलेलें द्रव्य तंतूच्या आंत लहान पिशव्यांत भरावें लागतें. रिसर्पीन तो भरणा थांबवितें, आणि उघड्यावर पडलेलें द्रव्य तेथील विकर खाऊन टाकितें. ज्या मुळीचा उपयोग वैद्य पिढ्यान् पिढ्या करीत आले, तिचा हा मार्ग.

दार म्हणजे काय, हें कळण्यास मात्र आणखी वेळ लागला. 1970 चें पारितोषिक ॲक्सेलरॉड, फॉन ऑयलर व बर्नार्ड कात्झ यांस मिळालें तेव्हां तें केवळ अनुमान होतें. 1990 व 1991 सालीं अशा वाहक प्रथिनांचीं जनुकें हातीं आलीं. पेशीबाहेर सोडियम अधिक असतो; तो आंत येतांना संदेशवाहक द्रव्यास बरोबर घेऊन येतो, हें या प्रथिनांचें इंगित आहे. 2005 सालीं एका जंतूंतील तशाच प्रथिनाची घडण प्रत्यक्ष दिसली: बाहेरील व आंतील दारें असून दोन्हीं एकाच वेळीं उघडत नाहींत. मानवी सिरोटोनिन वाहकाची घडण 2016 मध्यें दिसली. ॲक्सेलरॉड 2004 च्या डिसेंबरांत वारले. त्यांना ती पाहतां आली नाहीं.

येथें एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. औषध दार अडवितें, म्हणून विषाद म्हणजे त्या द्रव्याची उणीव, असें समीकरण जाहिरातींनीं लोकांत पसरविलें. तें या प्रयोगांतून निघत नाहीं. दार कांहीं तासांत अडतें. मन हलकें होण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि कित्येकांचें होतहि नाहीं. त्या आठवड्यांत पेशी आपली मांडणी कशी बदलतात, याचा शोध अद्याप चालूं आहे.